रद्द, रद्दी आणि दुर्मिळ

लालबागच्या चाळीत माणसाला त्याच्या कामावरून नव्हे, ऑफिसच्या पत्त्यावरून ओळखतात. मी फोर्टात, हायकोर्टापासून हाकेच्या अंतरावर, एका लॉ लायब्ररीत जुन्या दुर्मिळ पुस्तकांचा कॅटलॉग करतो. एवढ्या लांबलचक वाक्यातला ‘हायकोर्ट’ हा एकच शब्द करी रोडचा पूल ओलांडून चाळीपर्यंत पोचला. तेव्हापासून मी चाळीचा बिनफीचा वकील आहे. सकाळी तोंडात ब्रश असताना मला सल्ला विचारला जातो. “भाऊ, वरच्यांच्या गॅलरीतून रोज कपड्यांचं पाणी गळतं, कलम कितवं लागेल?” “मेव्हण्यानं सातबारावर स्वतःचं नाव चढवलंय, स्टे मिळेल ना?” मी तोंडातला फेस सांभाळत सांगतो, की काका, मी वकील नाही, कॅटलॉगर आहे. “असू दे रे, आपण कुठे कुणाला सांगतोय,” असा उलट मलाच धीर देण्यात येतो.

लग्न ठरताना मात्र याच हायकोर्टानं हात दिला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “काम नेमकं काय?” म्हटलं, “जुनी पुस्तकं येतात, त्यांची नोंद करायची.” “आणि सगळ्यांची नोंद करून झाली की?” या प्रश्नाला ग्रंथालयशास्त्रात उत्तर नाही. माझ्या मामांनी प्रसंगावधान राखलं. “होत नाही हो! कोर्टाजवळ आहे ना ते!” सासऱ्यांची तत्काळ खात्री पटली.

मामा शिकले चौथीपर्यंत, पण माझ्या धंद्याचं मर्म त्यांच्याइतकं कुणाला कळलेलं नाही. ते कसं, हे यथावकाश येईलच. आधी कॅटलॉगर करतो काय, ते सांगायला हवं.

तो पंचनामा करतो. पुस्तक टेबलावर घ्यायचं, खाली उशी द्यायची, आणि जे दिसेल तेच लिहायचं. मनाचं काही घालायचं नाही. छापखान्यानं शीर्षकपृष्ठावर चूक केली असेल तर ती दुरुस्त करायची नाही. जशीच्या तशी उतरवायची आणि कंसात ‘मूळ बरहुकूम’ लिहून हात झटकायचे. मासल्यादाखल एक नोंद देतो:

‘एक नग पुस्तक. बांधणी तपकिरी कातड्याची. स्पर्श केला असता बोटांना तांबडी भुकटी लागते. पाठीवर लेबल होते, त्यापैकी “हिंदू” शिल्लक असून “लॉ” गळाला आहे. पाने आरंभीची सोळा रोमन आकड्यांची, पुढे चारशे बारा. पैकी सतरा ते चोवीस जागेवर नाहीत. उंची बावीस सेंटिमीटर. पान त्र्याण्णववर चहाच्या कपाचा गोल. मलपृष्ठाच्या आतील बाजूस किराण्याचा हिशोब. गूळ व तूरडाळ वाचता येतात, पुढील मजकूर कसरीने खाल्ला. मालकांची नावे तीन, पहिली दोन खोडलेली.’

पुस्तकात लेखक काय म्हणतो याचा यात कुठेही पत्ता नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. कॅटलॉगरनं पुस्तक वाचायचं नसतं. वाचायला लागला की संध्याकाळपर्यंत एकच नोंद होते आणि ग्रंथपालसाहेब काचेच्या केबिनमधून मान वाकडी करून बघायला लागतात. मिठाईवाला बर्फी खात नाही, तसंच हे.

मराठी पुस्तक असलं तर आणखी एक गंमत असते, सालाची. वर शके १७८९ छापलेलं असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १८६७. पण पुस्तक पौष-माघात बाहेर पडलं असेल तर ७९ मिळवायला हवेत. आणि महिना छापावा असं छापखानेवाल्यांना कधी वाटलं नाही. त्यामुळे आमच्याकडे पुष्कळ पुस्तकांचं जन्मसाल ‘१८६७ किंवा १८६८’ असं आहे. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेल्या जन्मतारखांपेक्षा हे बरंच प्रामाणिक म्हणायचं.

१८६७ हे साल मी मुद्दाम घेतलं. त्या वर्षी सरकारनं पंचविसावा ॲक्ट केला, छापखाने आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा. सत्तावन्नचा उठाव होऊन दहा वर्षं झाली होती आणि देशी भाषांत लोक काय छापतात याच्यावर सरकारला डोळा ठेवायचा होता. म्हणून छापखान्यानं प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करायच्या, आणि सरकारनं नोंदवही ठेवायची. तिच्यात काय काय लिहायचं हे अठराव्या कलमात सांगितलंय: पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, छापल्याचं ठिकाण, तारीख, पानं, आकार, आवृत्ती कितवी, प्रती किती, टाइपात छापलंय की शिळाप्रेसवर, किंमत काय आणि हक्क कुणाकडे. मी फी भरून, रात्री जागून जे ग्रंथालयशास्त्र शिकलो ते बहुतेक सगळं या एका कलमात येऊन जातं. या नोंदींची यादी दर तिमाहीला गॅझेटात छापून येई. आज एखादं जुनं मराठी पुस्तक खरंच निघालं होतं का हे पाहायचं तर आम्ही या याद्या धुंडाळतो. एक गोष्ट मला तिथे कळली: प्रेमानं केलेल्या नोंदीपेक्षा संशयानं केलेली नोंद नेहमी जास्त बिनचूक असते. हे संसारातही खरं आहे, पण तो विषय वेगळा.

हा कायदा दीडशे वर्षांहून जास्त टिकला. त्याची जागा घेणारा २०२३ सालचा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला, आणि त्यात फक्त नियतकालिकं आहेत, पुस्तकं वगळली. सरकारला आता पुस्तकाची धास्ती उरलेली नाही. लेखकाचा एवढा मोठा अपमान इंग्रजानं सुद्धा केला नव्हता.

अर्थात पुस्तक जमा करण्यातून प्रकाशकांची सुटका नाही. १९५४चा एक कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक प्रकाशकानं पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची. त्या तिघांतलं एक आपल्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. न पाठवणाऱ्याला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये, अधिक पुस्तकाची किंमत. पन्नास रुपयांत आता दादर स्टेशनबाहेर दोन माणसांचा वडापाव होतो. प्रकाशकांच्या काळजात धडकी भरत नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही.

कागदाच्या चिठोऱ्यावर पुस्तकाचं नाव लिहिणं हे निरुपद्रवी काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी लोकमान्यांचा १९०८चा खटला पाहावा. जुलै महिन्यात हायकोर्टात तो चालला. न्यायमूर्ती दावर, ज्यांनी १८९७ साली वकील म्हणून याच टिळकांना जामीन मिळवून दिला होता. सरकारी पुराव्यात एक पोस्टकार्ड होतं. पुण्याच्या घराच्या झडतीत सापडलेलं. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं लिहिलेली होती, बस्स. टिळकांचं म्हणणं, नुकताच स्फोटकांचा कायदा झाला आहे, त्यावर टीका लिहायची तर आधी स्फोटक म्हणजे काय ते वाचायला नको का? ज्यूरीनं सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा ‘केसरी’तल्या लेखांबद्दल होती हे खरं, पण दोन ओळींची ग्रंथनोंद राजद्रोहाच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाली, हे आम्हा कॅटलॉगरांना विसरता येत नाही. माझ्या टेबलावरच्या कार्डांत विषप्रयोग, खून, बनावट दस्तऐवज आणि दिवाळखोरी यांवरची पुस्तकं एका ओळीत असतात. १९०८ साली माझी झडती झाली असती तर मंडालेचा तुरुंग जवळ वाटला असता.

कायद्याच्या पुस्तकांचे लेखक हा एक स्वतंत्र चमत्कार आहे. नवा माणूस आमच्याकडे कामाला लागला की मी त्याच्यापुढे दोन पुस्तकं ठेवतो: एक हिंदू कायद्यावरचं, दुसरं मुसलमानी कायद्यावरचं. दोन्हींवर लेखक एकच, मुल्ला. पोरगा बिचारा चक्रावतो. मग मी त्याला सांगतो, की सर दिनशा फरदुनजी मुल्ला हे मुंबईचे पारशी. एका पारशानं, मुल्ला या आडनावानं, हिंदूंना हिंदू कायदा आणि मुसलमानांना मुसलमानी कायदा समजावून सांगितला, आणि दोन्हीकडच्या वकिलांनी तो कोर्टात शपथेवर मानला. हे मुंबईतच होऊ शकतं. पुढची गंमत म्हणजे मुल्लासाहेब १९३४ साली वारले, पण त्यांच्या नव्या आवृत्त्या अजून निघताहेत. कथा-कादंबरीवाला लेखक गेला की त्याचं लिखाण थांबतं. कायद्याच्या लेखकाला अशी सवलत नाही. तो गेल्यावरही त्याला नवीन निवाडे वाचून दुरुस्त्या कराव्याच लागतात.

आता मुख्य मुद्दा. दुर्मिळ पुस्तक म्हणजे काय?

आमची नियमावली सांगते, अमुक सालाआधीचं, थोड्या प्रती राहिलेलं, विशेष बांधणीचं, कुणा नामांकिताच्या सहीचं वगैरे. गिरगावकर मात्र सांगतो: आजोबांचं.

गिरगावात एखाद्या चाळीला जागा खाली करण्याची नोटीस लागली की आठ-दहा दिवसांत माझा फोन वाजतो. “आमचे आजोबा वकील होते. त्यांची दुर्मिळ पुस्तकं आहेत.” वाङ्मयाचं प्रेम आणि बिल्डरचं ट्रान्झिट भाडं यांचा आरंभ एकाच महिन्यात होतो. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं केलं ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. बाकीच्या मुंबईनं पुस्तकांची सोय पोटमाळ्यावर केली, तांब्याच्या घंगाळाच्या मागे आणि गणपतीच्या मखराच्या पुढे. एकदा ठाकूरद्वारच्या अशाच एका पोटमाळ्याखाली मी शिडी धरून उभा होतो आणि वरून नातू एकेक पुस्तक खाली देत होता.

“काका, किती येतील याचे?”

“पैसे नाही येत. देणगी असते ही.”

“पण दुर्मिळ आहेत ना?”

“हे दिवाणी कायद्यांचं आहे. फाउंटनच्या फुटपाथवर ढीग असतो याचा.”

“पण यावर आजोबांची सही आहे.”

“हो. तेवढी दुर्मिळ आहे.”

नातू नाराज झाला. मग मी पुस्तक उघडलं. सुखाधिकाराच्या, म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीवरून येणाऱ्या उजेड-वाऱ्याच्या हक्काच्या प्रकरणात ट्रामचं तिकीट खूण म्हणून ठेवलेलं होतं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली. म्हणजे ही खूण त्याच्या आधीची. त्याच पानाच्या समासात, एका निवाड्याशेजारी, शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘हा आधी सापडता तर!’ एवढंच. त्या निवाड्याअभावी कुणाची तरी खिडकी कायमची बंद झाली असणार. मी ते शब्द ‘टीप’ या रकान्यात उतरवले. छापलेलं पुस्तक फुटपाथवर पन्नास ठिकाणी मिळेल, पण हरलेला वकील त्यात एकाच प्रतीत सापडतो. नातवाला म्हटलं, हे आम्ही नेतो. त्यानं तिकीट मात्र ठेवून घेतलं. “हे विंटेज आहे,” म्हणाला.

खरोखर दुर्मिळ काही हाती लागलं की काय याची शहानिशा करायची रीत ठरलेली आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० सालापासूनच्या मराठी छापील पुस्तकांची सूची केली. पहिला भाग १९३७पर्यंतच्या पुस्तकांचा, दुसरा १९५०पर्यंतच्या पुस्तकांचा, तो १९६१ साली निघाला. गावोगावची ग्रंथालयं पालथी घालून केलेलं काम. आमच्या धंद्यात सूची म्हटलं की दाते. पुस्तक दात्यांत आहे, तर नोंद करा आणि पुढचं घ्या. दात्यांत नाही, तर छातीत धडधड सुरू. मग मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागापर्यंत चक्कर. १८९८ची ही संस्था. तिथल्या जुन्या पुस्तकांपुढे आपल्या शोधाचा फुगा फुटतो, कारण पुस्तक तिथे शांतपणे उभं असतं आणि ‘दात्यांत नाही’ असं जे वाटलं ते आपण ‘श’मध्ये शोधलेलं असतं, असतं ‘स’मध्ये.

गिरगावचं नाव निघालं म्हणून सांगतो, आंग्रेवाडीत राहून, हायकोर्टात वकिली करता करता पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिला. पहिला खंड १९३०, शेवटचा १९६२. पाच खंड आणि साडेसहा हजारांवर पानं. १९६३ला भारतरत्न मिळालं. गिरगावात चाळीच्या पुनर्विकासाची फाइलसुद्धा साधारण बत्तीस वर्षं चालते, पानंही तेवढीच भरतात, फक्त शेवटी भारतरत्न मिळत नाही.

आणि दुर्मिळतेच्या बाबतीत खुद्द हायकोर्टानं जो विक्रम केला तो कुठल्याही पुस्तकाला मोडता येणार नाही. कर्नल फुलर यांनी आखलेली ही इमारत १८७१ साली सुरू झाली आणि १८७८ साली पुरी झाली. खर्च आला सोळा लाख चव्वेचाळीस हजार पाचशे अठ्ठावीस रुपये. मंजूर अंदाजपत्रकापेक्षा दोन हजार सहाशे अडुसष्ट रुपये कमी. सरकारी बांधकाम आणि उरलेले पैसे, ही जोडी मी त्यानंतर कुठल्याही कागदात एकत्र पाहिलेली नाही. या इमारतीवर एका डोळ्याला पट्टी बांधलेलं, तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे. ते कुणी आणि कोणाच्या रागानं कोरलं याच्या दंतकथा आहेत. वाचलेल्या पैशांतून कोरलं असावं, असा माझा तर्क आहे.

दुर्मिळ पुस्तकांचे शत्रू तीन: कसर, पावसाळा आणि पत्रकार. कसर नियमित वाचक आहे. ती खळ लावलेला भाग आधी खाते, म्हणून पाठीवरची लेबलं प्रथम जातात. पावसाळ्यात फोर्टातल्या दगडी इमारतींच्या भिंती घाम गाळतात आणि पानांवर तपकिरी ठिपके उमटतात. आमच्या लायब्ररीतले जुने शिपाई अजूनही कपाटाच्या कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे ठेवतात, आणि डांबराच्या गोळ्यांना ‘विलायती वेखंड’ म्हणतात. पत्रकार येतो तेव्हा त्याला पांढरे हातमोजे हवे असतात. मी सांगतो, जुनं पान स्वच्छ, कोरड्या हातानंच उलटायचं. हातमोज्यानं बोटांची जाण जाते आणि पान फाटतं. “पण फोटोत दुर्मिळ दिसत नाही ना, सर!” मग आम्ही पेस्ट कंट्रोलवाल्याचे मोजे आणतो. छायाचित्रात मी जन्मभर तसाच काम करत आलोय असं दिसतं.

शत्रूंत चोर मुद्दाम धरला नाही, कारण कायद्याची जुनी पुस्तकं चोरण्याइतका उत्साह कुणात नसतो. तरी काळजी म्हणून प्रत्येक लायब्ररीत एक गुप्त पान ठरलेलं असतं. शीर्षकपृष्ठावरचा शिक्का चोर खोडतो. म्हणून आतल्या एका ठरावीक पानावर बारीक शिक्का मारून ठेवायचा, तो मालकीचा पुरावा. आमचं गुप्त पान कुठलं हे मी सांगणार नाही. आमच्या शिपायांना, त्यांच्या आधीच्या शिपायांना, बाइंडरला आणि समोरच्या चहावाल्याला माहीत आहे, तेवढे पुरेत.

आता मामांचं मर्म.

बाकीच्या पुस्तकांना दुर्मिळ व्हायला शंभरेक वर्षं लागतात. कायद्याच्या पुस्तकाला एक रात्र पुरते. ३० जून २०२४च्या संध्याकाळी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२चा पुरावा कायदा ही पुस्तकं वाचनकक्षातल्या दर्शनी कपाटात होती. १ जुलैला नवे तीन कायदे लागू झाले. तीनशेदोनचं एकशेतीन झालं. चारशेवीस, ज्याच्या नावानं राज कपूरनं सिनेमा काढला, ते तीनशेअठराच्या चौथ्या पोटकलमात भाड्यानं राहायला गेलं. चाळीत आजही कुणी ‘अरे, हा नंबरी तीनशेअठरा पोटकलम चार आहे’ असं म्हणत नाही, ते सोडा. साहेबांनी मला बोलावलं आणि जुन्या कायद्यांच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, “हे आता तुमच्याकडे.” आदल्या दिवशीपर्यंत ज्युनियर वकिलांनी पानं मुडपलेली, समोशाचं तेल पडलेली पुस्तकं मी मानानं आत नेली.

आठवडाही गेला नसेल, सकाळी पावणेअकराला काळा कोट घातलेली एक मुलगी धापा टाकत आत आली. “सर, आयपीसी! जुनं! बोर्डावर मॅटर आहे, अकराला!” गुन्हा १ जुलैच्या आधीचा असेल तर खटला जुन्याच दंड संहितेखाली चालतो. आणि आपल्याकडे खटला किती काळ चालतो हे मी कशाला सांगू? मी तिला रीतसर सांगितलं, की दुर्मिळ विभागातलं पुस्तक बाहेर देत नाहीत, इथे बसून वाचा, पेन वापरू नका. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की तिच्या अशिलाच्या आधी मलाच शिक्षा व्हावी. शेवटी मी वाचनकक्षातली दुसरी प्रत शोधून दिली. ती गेल्यावर लक्षात आलं, की मामा बरोबर बोलले होते. या शहरात रद्द झालेला कायदा मरत नाही, पेंडिंग राहतो. तो पेंडिंग असेपर्यंत त्याचं पुस्तक लागतं, आणि ते सापडावं म्हणून मी लागतो. साऱ्या देशात ओरड आहे, की खटले लवकर निकालात निघत नाहीत. मी त्या ओरडीत मनापासून सामील होत नाही. पोटापाण्याचा प्रश्न आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा आमच्या चाळीतच आहे. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा मुळात तात्पुरता होता. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, जागेची टंचाई, म्हणून थोड्या वर्षांसाठी केलेली सोय. प्रमाणभूत भाडं धरलं १ सप्टेंबर १९४०चं. मग मुदत वाढली. पुन्हा वाढली. वाढत वाढत तो तात्पुरता कायदा पन्नास वर्षांवर जगला, आणि १९९९चा नवा कायदा ३१ मार्च २०००ला लागू झाला तेव्हा कुठे निवृत्त झाला. आमच्या लायब्ररीत त्या कायद्यावरची पुस्तकं दुर्मिळ विभागात येऊ घातली आहेत. आमच्या चाळीत तो अजून तोंडपाठ आहे.

आणि त्याचं दफ्तर तळमजल्यावरच्या आजींकडे आहे. वय नव्वदीच्या आसपास, यजमान गिरणीत होते. चाळ पुनर्विकासाला निघाली तेव्हा बिल्डरच्या माणसानं जुन्या भाडेपावत्या मागितल्या. अख्ख्या चाळीत धावपळ. कुणाची पावती पुरात गेली, कुणाची भावानं गावाला नेली, कुणी ती शाळेच्या दाखल्यामागे चिकटवलेली. आजींनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत सालवार जुड्या. प्रत्येक जुडीला सुती दोरा, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर पहिली आणि शेवटची तारीख. मालक बदलला तिथे निळा दोरा. भाडं दोन रुपयांनी वाढलं तिथे लाल. तळाशी वेखंड. मी मार्क, डेसिमल, कोलन वगैरे ग्रंथालयशास्त्रातलं सगळं विसरून बघत राहिलो.

बिल्डरचा माणूस जुडी उचलायला वाकला. आजींनी डबा जवळ ओढला.

“हात पुसले का?”

त्यानं पँटला हात पुसले.

“दोरा सोडायचा नाही. साल सांग, मी काढून देते. इथंच बसून बघ. पेन खिशात ठेव. फोटो काढ, पण लायटिंग मारू नको, शाई उडते.”

मी न राहवून म्हटलं, “आजी, हा सगळा संच आमच्या लायब्ररीत द्या. नीट नोंद होईल, एसीत राहील, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल.”

“आणि मला बघायला लागला तर?”

“अर्ज करायचा. दोन ओळखपत्रं. मग आम्ही शोधून देऊ.”

आजींनी झाकण लावलं. “नको रे बाबा,” म्हणाल्या, “तुझं ते कोर्टाजवळ आहे ना?”